मागच्या चाकांचे आबा

आबांची गाडी कुठेही उभी असली की तिच्या मागच्या चाकापाशी खडूची एक रेघ दिसायची. गाडी लावली, काचा वर केल्या, चारही दारांचे हँडल ओढून पाहिले की आबा कोटाच्या खिशातून पांढरा खडू काढत, खाली वाकत आणि टायरवरून थेट जमिनीपर्यंत रेघ मारत. परत आल्यावर टायरवरची रेघ आणि जमिनीवरची रेघ जुळली, तर गाडी कुणी हलवलेली नाही. नाही जुळली, तर आवारातल्या चहावाल्यापासून बेलिफापर्यंत सगळ्यांची चौकशी. गाडीची किल्ली आबांच्या करगोट्याला बांधलेली असे, तेव्हा गाडी हलवणार कोण, असं मी त्यांना एकदा विचारलं. आबा म्हणाले, "किल्लीशिवाय गाडी हलत नाही, असं तुला कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं, त्याच्यावर आधी नजर ठेव."

पाटीवर गणपतराव निमसे, वकील, असं नाव होतं. श्रीरामपूरच्या कोर्टात ते फौजदारी कामं चालवत. अशील त्यांना आबासाहेब म्हणत, आम्ही आबा म्हणत असू, आणि त्यांची पाठ वळली की बार रूममध्ये त्यांचं नाव शंकासुर. हे नाव त्यांना ठाऊक होतं. ते पहिल्यांदा कुणी ठेवलं याचा तपास मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता. मूळचे ते खर्ड्याकडचे. संशयाचा विषय निघाला की म्हणत, आमच्या गावाला किल्ला आहे, आणि किल्ल्याखालच्या माणसाला दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे बघायची सवय असते.

त्यांच्या हाताखाली मी ज्युनियर म्हणून लागलो तो दुष्काळाच्या आदल्या वर्षी. आधीचे ज्युनियर का टिकले नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. स्टेशनासमोरच्या हॉटेलात दोन चहा आले की आबा आधी माझ्या पुढचा कप आपल्याकडे ओढत आणि आपला माझ्याकडे सरकवत. घरी वर्तमानपत्रं दोन येत. एकच बातमी दोन्हींत सारखी छापून आली तर आबा म्हणत, "यांनी आधी बसून ठरवलंय." त्यांच्या पत्नीला, माईंना, या सगळ्याचं काही वाटेनासं झालं होतं. एकदा जेवताना त्या मला हसत म्हणाल्या, "आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी बाजूनं वाकून बघितलं होतं. तीच मुलगी आहे ना, म्हणून." आबांनी ते नाकारलं नाही. बदललेली नवरी मांडवात उभी केल्याची उदाहरणं आहेत, एवढंच म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

कोर्टात मात्र हाच स्वभाव कामाला येई. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "तुला दिसलं कसं?" कुठं उभा होतास, ऊन कुठल्या बाजूला होतं, मध्ये झाड होतं का, डोळ्याला कधी काही झालं होतं का. भले भले साक्षीदार या प्रश्नांपुढे गडबडत. माणूस खोटं बोलतो हे एक वेळ समजू शकतो, पण खरं बोलणाऱ्याला तरी आपण काय पाहिलं हे कुठं माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी आयुष्यात पुढे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलो, तेव्हा हे वाक्य अनेकदा आठवलं.

मलाही ते असंच तपासत. गाडीतून जाताना मला शेजारी बसवायचे आणि विचारायचे, "समोरून कोण येतंय, सांग." मी सांगायचो, उसाची बैलगाडी. "किती लांब? कुठल्या कडेनं?" मी तेही सांगायचो. अशिलांचे कागदसुद्धा ते स्वतः वाचत नसत, मला मोठ्यानं वाचायला लावत. वाचताना माणसाचा आवाज कुठं अडखळतो त्यावरून खोट कुठं आहे ते कळतं, असं त्यांनी मला समजावलं होतं. मला ते पटलं होतं, आणि अशा कसलेल्या माणसाच्या तालमीत आपण आहोत याचा अभिमानही वाटत होता.

ही गाडी म्हणजे हेरल्ड. त्या काळात गावात ज्यांच्याकडे मोटार होती त्यांच्याकडे बहुतेक अँबॅसडर असायची. साखर कारखान्याची माणसं अँबॅसडरमधून यायची, पुढारी अँबॅसडरमधून यायचे. आबा म्हणत, ती गाडी नव्हे, ती चाकं लावलेली बैठकीची खोली. त्यांची हेरल्ड चार दारांचीच, पण अंगानं सडपातळ, नाक लांब, मागे दोन्ही बाजूंना पंखासारखे उचललेले कोपरे. रंग पांढरा आणि कमरेला निळा पट्टा. तिचं बॉनेट वरच्या झाकणापुरतं नव्हे, तर सगळं तोंडच्या तोंड पुढे कलून उघडायचं, आणि ते बघायला पोरं जमायची. नगरच्या एका मेस्त्रीकडून त्यांनी सायलेन्सर बदलून घेतला होता. त्यामुळे आबा कोर्टाकडे निघाले की रेल्वे फाटकापाशीच आवाज कळायचा. इतक्या सावध माणसाला असली तरणी गाडी का लागावी हे कोडं होतं, पण शंकेखोर माणसालाही एखाद्या ठिकाणी जीव लावावा लागतोच. आबांनी तो तिथे लावला होता. तोवर तिचं चाक त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात कधी दिलं नव्हतं, आणि दुसरा चालवत असलेल्या मोटारीत ते कधी बसले नव्हते.

आबांचा गावात एकच मित्र होता, मिशनच्या दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर दिनकर साळवे. दोघं नगरला मिशनच्या शाळेत एकाच बोर्डिंगात वाढले, आबा दोन इयत्ता पुढे. डॉक्टर आबांना अहो-जाहो करत आणि आबा त्यांना दिनू म्हणत. रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की डॉक्टर आबांच्या ओट्यावर येत आणि बुद्धिबळाचा डाव पडे. डॉक्टर गुणगुणत खेळत. आबा त्यांच्या गुणगुणण्यावरही लक्ष ठेवून असत, कारण दिनू हरायला लागला की चाल बदलतो, असा त्यांचा शोध होता.

त्या वर्षी दवाखान्यातले परदेशी पाद्रीसाहेब कायमचे मायदेशी गेले आणि जाताना आपली गाडी डॉक्टरांना देऊन गेले. गाडीचं नाव गावात कुणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून ती पाद्रीची गाडी. ती बाहेरदेशातून आलेली असल्यानं चालवायचं चाक डाव्या बाजूला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिला जोर मिळायचा तो पुढच्या चाकांना. पाद्रीसाहेबांच्या देशात म्हणे असल्या गाड्या डोंगरांतल्या शर्यतीत धावत.

आबांनी ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हाचं मला चांगलं आठवतं. दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं, हातानं खालची सतरंजी चाचपली आणि बाहेर येऊन डॉक्टरांना विचारलं, "मधला उंचवटा कुठं गेला?" आपल्या गाड्यांत इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत लोखंडी शाफ्ट जातो, त्यासाठी मधोमध वरवंट्यासारखा उंचवटा असतो. डॉक्टर म्हणाले, इंजिन पुढे, चाकं पुढे, मग शाफ्ट हवा कशाला? पाय ठेवायला जागा झाली. आबांना ही फुकटात मिळालेली जागा मुळीच आवडली नाही. जिथं काहीतरी असायला हवं तिथं काही नाही, म्हणजे ते दुसरीकडे कुठंतरी दडवलेलं आहे, असं त्यांनी मला परतताना सांगितलं.

पुढचे काही महिने स्टेशनासमोरच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की लोक चहा घेऊन बाहेर येत. दिसायला हेरल्ड सरस, यावर बहुतेकांचं एकमत होतं. पाद्रीची गाडी नाकानं आखूड, पाठीकडे उतरती, मान घालून उभ्या राहिलेल्या रेड्यासारखी दिसायची. पण तिचा पक्ष घेणारेही होते. हॉटेलमालक तुकाराम म्हणायचा, "आबा, बैल गाडीच्या म्होरंच जुपत्यात की. मागनं ढकलणारा बैल कुनी पायलाय?"

आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बैल पुढं असतो, पण कासरा मागं बसलेल्याच्या हातात असतो," ते म्हणाले. "पुढं होऊन जो ओढतो ना तुकाराम, तो आपल्याला कुठं नेतोय हे विचारावं. मागून ढकलणाऱ्याचा तो धोका नसतो. त्याला आपण दिसत असतो."

यावरून त्यांनी सबंध गावाची वाटणी केली होती. पुढारी, दलाल, लग्न जमवणारे, हे पुढच्या चाकांचे. माई, बेलिफ, शाळामास्तर, हे मागच्या चाकांचे. स्वतःला ते अर्थातच मागच्या चाकांचा म्हणवत. डॉक्टर कुठले, हे विचारलं की म्हणत, "दिनू मूळचा मागचाच. पाद्र्यानं बिघडवला."

डॉक्टर हसत असत. एकदा त्यांनी आबांना आपल्या गाडीत बसायचा फार आग्रह केला. त्या गाडीत शेजारी बसणारा उजवीकडे यायचा, म्हणजे आपल्या गाडीत चालवणारा बसतो तिथं. आणि डाव्या बाजूनं चालवताना पुढची बैलगाडी ओलांडायची झाली तर समोरचं दिसत नाही, म्हणून डॉक्टर शेजारच्याला विचारत, "मोकळं आहे का?" शेजारच्यानं हो म्हटलं की मगच गाडी बाहेर काढत. आबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बसायचं चालवणाऱ्याच्या जागी, आणि चाक मात्र दुसऱ्याच्या हातात. असलं बसणं नको बाबा."

कामगिरीत मात्र पाद्रीच्या गाडीनं आबांना खिजवायला सुरुवात केली होती. कारखान्याच्या रस्त्यावर मळी सांडून चिकचिक झालेली असायची. तिथं हेरल्डचा मागचा भाग शेपटी हलवल्यासारखा दोन्हीकडे जायचा, आणि डॉक्टरांची गाडी मात्र नाक धरून सरळ निघून जायची. वळणावरही तेच. उलट सरळ रस्त्याला, चढाला, हेरल्ड जोर धरायची आणि तिचा आवाज ऐकून अंगावर काटा यायचा. हे मी आबांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसंच होतं.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. बुद्धिबळ खेळताना आबांनी आपलाच घोडा समजून डॉक्टरांचा उंट उचलला. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात नेऊन दिव्याखाली बसवलं आणि सांगितलं की मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात जास्त. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबलात तर कोर्टात उभं राहता येणार नाही. आत्ता काढू. आबांनी ऐकलं आणि घरी येताना मला म्हणाले, "सुताराला प्रत्येक दार वाकडं दिसतं. आणि हा सुतार तर माझ्या गाडीवर खार खाऊन आहे. मी चालवायचं बंद केलं की याची गाडी गावात एकटी." डावा थोडा पिकलाय हे त्यांनी कबूल केलं. उजवा गरुडाचा आहे म्हणाले.

मला त्यांचं खरं वाटलं, कारण खटले ते जिंकतच होते. फक्त एक गोष्ट खटकली होती. खडूच्या रेघा हल्ली जुळत नव्हत्या. टायरवरची रेघ एकीकडे संपायची आणि जमिनीवरची तिच्यापासून वीतभर लांब सुरू व्हायची, तीही आबांनी नुकतीच मारलेली असताना. ही चोराला चकवायची नवी युक्ती असेल, असं मी स्वतःला समजावलं.

डॉक्टर मात्र गप्प बसेनात. दर रविवारी तोच विषय. आबांना वाटे हा विषय पुढे ढकलण्यापेक्षा निकालात काढावा. दिवाळीनंतर डॉक्टरांचं राजूरला डोळ्यांचं शिबिर होतं. डोंगरातल्या वाड्यांमधली म्हातारीकोतारी माणसं तिथं शाळेत येत, शाळेतच ऑपरेशनं होत. आबा ओट्यावर बसून म्हणाले, "दिनू, मी येतो राजूरला, माझी गाडी घेऊन. अकोल्याच्या पुढं घाट आहे. शाळेच्या दारात तुझी गाडी आधी पोचली तर डोळा तुझा. माझी पोचली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

डॉक्टरांनी एक प्यादं पुढे सरकवलं आणि होकार दिला. मला ही पैज मुळीच आवडली नाही. माईंना तर ती सांगितलीच नव्हती.

निघालो त्याच्या आदल्या दिवशी डोंगरात अवकाळी पाऊस झाला होता. डॉक्टरांच्या गाडीत नर्सबाई आणि डिकीत औषधांच्या, अवजारांच्या पेट्या. आमच्या गाडीत आबा आणि मी. संगमनेरपर्यंत आम्ही पुढे होतो. अकोलं मागे पडलं, घाट लागला, आणि पहिल्याच ओल्या वळणावर डॉक्टर आमच्या शेजारून वर निघून गेले. आबा म्हणाले, "बघितलंस? पुढं जाणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं." मग नेहमीसारखं विचारलं, "समोरून काय येतंय?"

"एस.टी. येतेय, आबा."

"कुठल्या कडेनं?"

एस.टी. इतकी जवळ होती की तिच्या पाटीवरची अक्षरं मला वाचता येत होती. मी ओरडलो, "आबा, डावीकडं घ्या." त्यांनी शांतपणे डावीकडं घेतली. एस.टी. घासून गेली. आबा काहीच झालं नसल्यासारखे चालवत राहिले, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आता काय आहे?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस मला तपासत नव्हता. कित्येक महिने तो माझ्या डोळ्यांनी गाडी चालवत होता, माझ्या डोळ्यांनी कागद वाचत होता. मला सडकून राग आला. थांबवा गाडी, असं म्हणावंसं वाटत होतं. पण घाटात, वळणावर, ते ऐकून त्यांचे हात हलले असते तर? मी सांगत राहिलो. वळण उजवीकडं. दगड. बाई, डोक्यावर मोळी. पुढं मोकळं. राजूर येईपर्यंत मी बोलतच होतो.

शाळा गावाबाहेर टेकाडावर होती. तिथं जाणारा चढ आखूड पण छातीवर येणारा, तांबड्या चिखलाचा, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला पावसाच्या पाण्याची खोल चारी. डॉक्टरांची गाडी त्या चढाच्या मध्यावर अडकून पडली होती. पुढची चाकं गरगर फिरत होती आणि चिखल उडवत होती. गावातली माणसं मदतीला धावून आली होती आणि आपल्याकडे करतात तेच करत होती. चिखलात गाडी रुतली की चारपाच जणांनी डिकीवर बसायचं, म्हणजे मागच्या चाकांना वजन मिळून ती जमीन पकडतात. इथं जोर पुढच्या चाकांना, आणि मागं पेट्यांचं ओझं, त्यावर ही माणसं. गाडीचं नाक आणखीच हलकं होत होतं. जितके जास्त लोक बसत तितकी ती जास्त घसरत होती.

"अजून दोघं बसा रं," कुणीतरी ओरडत होतं.

आम्ही खालीच थांबलो. डॉक्टरांनी लोकांना उतरवलं, गाडी उतारावरून मागे घसरू देत खाली आणली आणि आम्हाला वाट करून दिली. त्या पठ्ठ्यानं ती पैज मोडायला काहीही केलं नाही. तीच चारपाच माणसं हेरल्डच्या डिकीवर बसली, आबांनी पहिला गिअर टाकला, मी शेजारून कड सांगत राहिलो, आणि ती देखणी गाडी गर्जत एका दमात शाळेच्या दारात गेली. आबा उतरले, हँडल ओढून पाहिले, वाकून खडूची रेघ मारली. पैज ते जिंकले होते. डोळ्याचा विषय कायमचा मिटला होता.

खाली डॉक्टर गाडी वळवत होते. चढताना पुढची चाकं खालच्या बाजूला राहिली तर सगळं वजन त्यांच्यावर येतं, म्हणून ते उलटे, रिव्हर्समध्ये वर येणार होते. दरड त्यांच्या बाजूला होती आणि चारी शेजारच्या बाजूला, जिथलं त्यांना दिसत नव्हतं. कुणीतरी कडेला उभं राहून सांगायला हवं होतं. जिंकलेले आबा मोठ्या ऐटीत चढ उतरून चारीच्या काठावर जाऊन उभे राहिले. "मागचं मला कळतं," ते लोकांना म्हणाले. "तुम्ही गप्प राहा. एकानंच सांगायचं असतं."

मी वर गाडीपाशी होतो. धावत निघालो तेवढ्यात गाडी मागे यायला लागली होती.

"येऊ द्या," आबा म्हणत होते. "येऊ द्या. सरळ. येऊ द्या."

मागचं चाक चारीच्या कडेला आलं, कडेची माती ढासळायला लागली, आणि आबांचा हात तसाच हलत होता, "येऊ द्या." लोक त्यांच्या दराऱ्यानं गप्प होते. गाडी थांबली. मी ओरडण्याआधी थांबली. डॉक्टर खाली उतरले, गाडीला वळसा घालून आले, अर्ध्या हवेत असलेल्या चाकाकडे पाहिलं, मग आबांच्या चेहऱ्याकडे. आबा चाकाकडे बघतच नव्हते. मान वर करून, कान गाडीकडे लावून उभे होते.

"ब्रेक जरा धरतोय वाटतं," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही या जरा इकडं, आबा दमलेत." मी आबांच्या जागी उभा राहिलो. डॉक्टरांनी गाडी थोडी पुढे घेतली, सावरली, आणि ती पाद्रीची कुरूप गाडी पाठीनं तो चढ अशी चढली की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात चहा आला. आबांनी कप बदलले नाहीत. चहा घेता घेता ते म्हणाले, "दिनू, ब्रेक धरत नव्हता. का थांबलास?"

"चाक बाहेर गेलं होतं, आबा."

"आणि मी काय म्हणत होतो?"

"येऊ द्या म्हणत होता."

"मग ऐकलं का नाहीस माझं?"

"तुमच्याकडूनच शिकलो," डॉक्टर म्हणाले. "आरशात बघितलं. तुमचं तोंड भलतीकडं होतं."

आबांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "आणि लोकांपुढं खोटं का बोललास?"

 कप खाली ठेवून डॉक्टर आत पेट्या उघडायला गेले. आबांनी उभ्या आयुष्यात शेकडो खोटी माणसं पकडली होती. त्यांची लाज झाकण्यासाठी दुसऱ्यानं सांगितलेलं खोटं त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं असावं. ते रिकामा कप हातात धरून बसले. मी त्यांच्या शेजारी होतो आणि मला त्यांची फार माया आली. घाटातला राग कुठे गेला ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांची रांग लागली, आणि रांगेत धोतर-कोटातले आबा उभे. डॉक्टर म्हणाले, अहो, श्रीरामपूरला नीट करू, सगळी सोय आहे. आबा म्हणाले, "तिथं तू माझा मित्र. हात थरथरेल. इथं सगळ्यांसारखा काप." शिवाय नंबर मधला हवा, अशी अट घातली. पहिल्याला हात गार असतो आणि शेवटच्याला थकलेला. नर्सबाईंना त्यांनी अवजारं उकळलीत का, किती वेळ उकळलीत, ते तुम्ही स्वतः पाहिलंत का, हे सगळं विचारून घेतलं. आत गेल्यावर मात्र, नर्सबाईंनीच मला सांगितलं, त्यांनी एक शब्द काढला नाही.

त्यानंतर बरेच दिवस ते शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडून होते, डोळे बांधलेले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. शेजारी वरच्या वाडीतली एक म्हातारी तशीच बांधलेली. तिनं त्यांना विचारलं, तुमी वकील हाय म्हनं, मंग आता साक्षीदाराची तोंडं कशी वळखाल? आबा म्हणाले, "आवाजावरून. तुझा आवाज खरा आहे, घाबरू नकोस." मी मध्यंतरी श्रीरामपूरला जाऊन माईंना निरोप सांगून आलो. त्या रडल्या आणि मग म्हणाल्या, यांनी कुणाला तरी हात लावू दिला, हेच पुष्कळ आहे.

निघायच्या दिवशी ऑपरेशनच्या डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यावर हिरवी झडप. आबांनी करगोट्याची गाठ सोडून हेरल्डची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. आधी हात पुसायला लावला. गाडीच्या चाकापाशी ती न जुळणारी रेघ तशीच होती. मग ते भिंतीला हात लावत पाद्रीच्या गाडीपाशी गेले आणि उजव्या बाजूला, ज्या जागी बसायला ते कधी तयार नव्हते, तिथं बसले. नर्सबाई मागे बसल्या. डॉक्टर डावीकडे बसून गाडी सुरू करत होते. मी खिडकीशी उभा होतो.

"आबा," डॉक्टर हसत म्हणाले, "या जागी बसणाऱ्यानं सांगायचं असतं, समोर मोकळं आहे का ते."

आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुला दिसेल तेवढं चालव," ते म्हणाले. "नाही दिसलं की तू थांबतोस, ते कळलंय मला."

पुढे आबांच्या एका डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागला, दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदूही डॉक्टरांनीच काढला. ते कोर्टात पुष्कळ वर्षं उभे राहिले आणि साक्षीदारांना पूर्वीसारखेच छळत राहिले. मी नोकरीच्या निमित्तानं गाव सोडलं. त्यांच्या भेटी झाल्या, पत्रं आली, आणि एक दिवस ती यायची थांबली. पण आबा म्हटलं की मला ते राजूरच्या घाटातले दिसतात. मी त्यांची हेरल्ड घेऊन मागून येत होतो, आणि पुढच्या गाडीच्या काचेतून उजवीकडे त्यांचं पांढऱ्या पट्टीचं डोकं दिसत होतं. दोन वळणं ते ताठ होतं. मग हळूहळू कलत ते दाराच्या काचेला टेकलं. दुसरा चालवत असलेल्या गाडीत आबा झोपले होते. डॉक्टरांनी वेग कमी केला, मीही केला, आणि घाट उतरेपर्यंत आम्ही तसेच हळू गेलो.